उजेड आणि आवाज यांच्या मधला वेळ

थंडी पडली की लोकांना हुरडा आठवतो. मलाही आठवतो, नाही असं नाही, पण त्याआधी माझ्या नाकात सरकीचा वास शिरतो. मी आता चिखलीला मुलींच्या शाळेत शिकवते, आणि शाळेच्या मागच्याच रस्त्यानं कापसाच्या गाड्या बाजाराला जातात. मार्गशीर्ष लागला की गाड्यांची रांग लागते. बैलांच्या तोंडातून वाफ निघते, गाडीवान घोंगडीत तोंड खुपसून पेंगतात, आणि रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांवर कापसाचे पुंजके अडकून राहतात. पोरी ते काढून घरी नेतात, वाती वळतात. शहाण्या आहेत. मला मात्र ते पुंजके दिसले की चिडचिड होते, मी उगाच कुणावर तरी खेकसते, आणि पोरी आपसांत कुजबुजतात, "बाईंची थंडी सुरू झाली." त्यांना वाटतं, मला ऐकू येत नाही.

आणि नेमका ह्याच दिवसांत शास्त्राच्या पुस्तकात लंबकाचा धडा येतो. दरवर्षी. ज्या कुणी भल्या माणसानं हा धडा कापसाच्या हंगामात नेमून ठेवला आहे, त्याला मला एकदा गाठायचं आहे. फार काही बोलणार नाही मी. नुसतं बघणार आहे त्याच्याकडे.

मी लहान असताना आम्ही खामगावात राहत होतो. त्या वर्षी गावात प्लेग आला. घरात उंदीर मरून पडायला लागले की लोक दाराला कुलूप लावून शेतात झोपड्या बांधायचे. आमच्या वडिलांना आम्ही नाना म्हणायचो; ते हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. शाळा बंद झाली. सखारामकाका म्हणून एक शेतकरी होते, त्यांचा मुलगा नानांकडे शिकलेला. त्यांनी जलंबच्या बाजूला आपल्या कपाशीच्या शेतात, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, मोठ्या बाभळीजवळ, आम्हाला तुराट्यांची झोपडी घालून दिली. आई, नाना, मी आणि माझा तान्हा भाऊ गोविंदा, असे चौघे आम्ही गाडीत बसून तिथं गेलो.

आईनं घरातलं फारसं काही घेतलं नाही, पण माहेरचा सागवानी पाळणा घेतला. नाना म्हणाले, "अगं, लुगड्याची झोळी बांधू की झाडाला." आई म्हणाली, "झोळीत पोर विळ्यासारखं वाकतं. पाळणा येणार नसेल तर मीही येत नाही. राहते इथंच उंदरांबरोबर." पाळणा आला. बाभळीच्या आडव्या फांदीला दोरानं टांगला गेला.

ते दिवस सुखाचे होते. गावात माणसं मरत होती आणि आम्ही शेतात सुखात होतो; हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच होतं. सकाळी दव पडलेली बोंडं, वेचणाऱ्या बायांची बडबड, दुपारी खामगावच्या सरकी काढणाऱ्या जिनाचा भोंगा, जलंबहून येणाऱ्या गाडीची शिट्टी, आणि संध्याकाळी शेकोटीत भाजलेल्या कणसांचा वास. आई गावात असताना कधी मोठ्यानं हसायची नाही. शेतात हसायची. सखारामकाकांची बायको गोदामावशी तिला म्हणायची, "मास्तरीनबाई, तुमी त लय खिदळता वो! गावात त तोंडाले कुलूप राह्यते तुमच्या."

नानांना शिकवल्याशिवाय जेवण जात नसे. वर्ग नव्हता, तर मला धरलं. एके दुपारी त्यांनी बंडीच्या खिशातून घड्याळ काढलं आणि पाळण्याकडे बोट करून म्हणाले, "वत्सा, हा बघ, हा लंबक." पाळण्यात गोविंदा पाय झाडत होता. नानांनी झोका दिला, घड्याळात पाहिलं, माझ्याकडून झोके मोजून घेतले. मग समजावून सांगितलं की लंबकाला वजनाशी देणंघेणं नसतं. दोर तेवढाच असेल तर आत शेर घाला नाहीतर मण घाला, झोक्याला वेळ तेवढाच लागतो. अगदी काहीही नाही घातलं तरी.

आई ज्वारी निवडत होती. ती म्हणाली, "इश्श, काहीतरीच! हा आत असला की माझ्या हाताला लगेच कळतं."

"हाताला कळतं. घड्याळाला कळत नाही."

"मग तुमचं घड्याळ मठ्ठ आहे."

"करून दाखवू?" नाना गोविंदाला उचलायला वाकले. "आता रिकामा मोजू."

आईनं सूप खाली टाकलं आणि येऊन पाळण्याची दोरी हातात घट्ट धरली. "खबरदार! रिकामा पाळणा हलवायचा नाही. तुमचं शास्त्र शाळेत." नाना हसले, मी हसले, गोविंदाही बोळकं पसरून हसला. प्रयोग अर्धाच राहिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती संध्याकाळ आली. सूर्य बुडाला होता, पण आभाळ अजून तांबूस होतं. बाया वेचलेल्या कापसाची गाठोडी बांधत होत्या, सखारामकाका बैलांना पाणी पाजून आणत होते, नाना झोपडीसमोर उभे राहून कुणाशी तरी बोलत होते. आई बाभळीखाली बसून गोविंदाला निजवत होती. ती स्वतःच जुळवलेलं एक गाणं म्हणायची. एक ओळ, मग दोरीची ओढ, मग पुढची ओळ.

नीज माझ्या पाखरा, दिवस बुडाला,
बोंडातला कापूस आभाळी उडाला,
एक आला हातात, एक गेला रानात,
एक माझ्या बाळाच्या इवल्या कानात.

थंडीत लहान मुलांच्या कानात कापूस घालतात, ते ह्या शेवटच्या ओळीत आलं होतं. गोविंदाच्या कानात तसा कापूस होता.

आधी उजेड आला. कुठून आला कळलंच नाही. कपाशीच्या प्रत्येक झाडाला एक काळीभोर सावली फुटली, आणि त्या सगळ्या सावल्या एकदम पळत सुटल्या. मी वर पाहिलं. सातपुड्याच्या अंगानं निघालेला एक पांढरा निळसर गोळा बुलढाण्याच्या घाटाकडे चालला होता, त्याच्याकडे डोळा ठरत नव्हता. चालला होता म्हणते, पण आवाज नाही. बाभळीच्या मागं आभाळात तो फुटला, त्याचे तुकडे झाले आणि विझले. मागं धुराचा एक पांढरा पट्टा राहिला. तो हळूहळू वाकडातिकडा होत गेला, सुताचा गुंता होतो तसा.

बाया गाठोडी सोडून उभ्या राहिल्या. कुणी "राम राम" पुटपुटलं. नाना आभाळाकडे बोट करून ओरडले, "उल्का! वत्सा, उल्का बघ!" आणि मग सगळं शेत गप्प झालं. गाणारी एकटी आई. तिनं वर पाहिलं होतं, तिनंही सगळं पाहिलं होतं, पण पोराचे डोळे मिटत आले होते आणि अशा वेळी गाणं थांबवलं तर पोर टक्क जागं होतं. म्हणून ती गातच राहिली. आकाश फुटलं तरी पोर निजवायचं राहत नाही.

आणि किती तरी वेळानं, उजेड सरून गेला असं वाटायला लागल्यावर, तो आवाज आला. पायांखालून आला. एकामागून एक तोफा डागाव्यात तसा. बैलांनी कासरे तोडले, झोपडीतलं पितळेचं भांडं खाली पडलं, रानातले मोर ओरडायला लागले. गोविंदा दचकून उठला आणि रडायला लागला.

त्या रात्री नाना जेवले नाहीत. ते दुःखानं नव्हे, शरमेनं. वर्षानुवर्षं ते मुलांना शिकवत आले होते की वीज चमकली की मोजायला लागा. उजेड लगेच येतो, आवाज मागून चालत येतो, मधला वेळ कळला की अंतर कळतं. एवढी मोठी उल्का डोळ्यांसमोर फुटली, खिशात घड्याळ होतं, आणि ते तोंड उघडं टाकून बघत राहिले. "मोजायला विसरलो," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "अगं, मी मोजायला विसरलो!" वेळ कळला असता तर ती किती उंचावर फुटली हे सांगता आलं असतं. चार दिवसांत नागपूरच्या कॉलेजातून वर्तमानपत्रात तशी विचारणाही आली, की कुणी पाहिली असेल तर सांगा. नानांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या कामाचं काही विचारत होतं.

मग ते शेताशेतांतून विचारत फिरू लागले. एका फळीवर कोन आखून, तिला दोरा आणि ओळंबा बांधून त्यांनी यंत्र केलं होतं. कुठं दिसली ते लोकांनी दाखवायचं, नानांनी फळी धरून कोन घ्यायचा. पण आमच्याकडे तुटता तारा बोटानं दाखवत नाहीत. कुणी हनुवटी वर करायचं, कुणी कोपर. सखारामकाकांनी डोक्यावरचा पटका हलवून दाखवला.

"अहो, नीट बोट करा की!"

"ते नाय जमत, मास्तर. बोट दाखवलं त घरातलं मानूस जाते."

"बरं, मग आवाज किती वेळानं आला?"

"म्या चिलीम भरली, पेटवली, एक दम मारला. तं धडाम्!"

गोदामावशी म्हणाली, "लगेच आला." दुसरी बाई म्हणाली, "लगेच काऊन? मी गाठोडं बांधून डोक्यावर घेतलं न." नाना डोकं धरून बसले. फळीवर हनुवट्यांचे कोन लिहिलेले. आम्ही दोघी मायलेकी हसून हसून लोळलो.

मग आईच हसता हसता म्हणाली, "मला विचारलंत का?"

"तुला काय ठाऊक?"

"गोळा फुटला तेव्हा मी गाणं पहिल्यापासून म्हणायला घेतलं होतं. तो त्या बाभळीच्या बेचक्यात फुटला. तिसऱ्यांदा म्हणत होते, 'इवल्या'वर आले, आणि आवाज झाला."

नानांचा चेहरा मी अजून विसरले नाही. तिचं गाणं पाळण्याच्या झोक्याला बांधलेलं होतं, म्हणजे ते घड्याळच होतं. बेचक्यावरून कोन मिळणार, गाण्यावरून वेळ. "आत्ता म्हण," ते म्हणाले आणि घड्याळ काढलं. आईनं आजूबाजूला पाहिलं. पाच-सहा बाया कान टवकारून बसलेल्या. ती लाजली. "एवढ्या माणसांत? आणि तो तर झोपलाय. संध्याकाळी निजवताना म्हणेन, तेव्हा बघा."

संध्याकाळी गोविंदाचं अंग कोमट लागलं. रात्री ताप चढला. मधल्या दिवसांबद्दल मला लिहायचं नाही. सर्दी छातीत उतरली, बरगड्या भात्यासारख्या उडू लागल्या. गावात प्लेग म्हणून डॉक्टर शेतात यायला मिळाला नाही. गोदामावशी ओवा भाजून शेकत राहिली. ज्या प्लेगला भिऊन आम्ही इथं आलो होतो त्यानं आम्हाला हातही लावला नाही. उघड्या रानातल्या गारठ्यानं पोर नेलं. दात न आलेलं मूल म्हणून पुरलं, त्याच शेताच्या कडेला. नाकात घालायला गोदामावशीनं ताजं बोंड तोडून कापूस आणला. कानात आधीचाच होता.

लोक बोलायचे ते बोललेच. मास्तरनं बोट दाखवलं होतं, साऱ्यांनी पाह्यलं. आईच्या कानावर ते आलं होतं, पण ती ते नानांना कधी म्हणाली नाही. तिनं म्हटलं असतं तर बरं झालं असतं असं मला आता वाटतं. नाना दिवसभर धुऱ्यावर बसून राहायचे. मधेच घड्याळ काढायचे, पाळण्याकडे बघायचे, परत खिशात घालायचे. पाळणा आईनं कुणाला काढू दिला नव्हता. वारा आला की तो हलू नये म्हणून तिनं त्याला बुंध्याशी बांधून ठेवलं होतं.

एके दुपारी तिनं ती गाठ सोडली.

"काढा तुमचं घड्याळ," ती नानांना म्हणाली.

नाना उठून उभे राहिले. "नको गं."

"काढा म्हणते ना. तुमचा अर्धा प्रयोग राहिलाय. आधी झोके मोजा, मग तुमचं गाणं म्हणते." तिनं रिकाम्या पाळण्याची दोरी हातात घेतली. गोदामावशी धावत आली. "वो बाई, काय करून राह्यल्या? रिकामा पायना हालवू नोका वो! वंगाळ असते!"

"आता आणखी काय वंगाळ व्हायचं राहिलंय, मावशी?" आई म्हणाली आणि तिनं झोका दिला.

तेव्हा मला कळलं नाही, आता कळतं. तिला नानांची अडचण सोडवायची नव्हती. तिला नानांना खोटं पाडायचं होतं. ज्या पाळण्यात गोविंदा होता आणि ज्या पाळण्यात गोविंदा नाही, ते दोन्ही सारखे हलतील हे तिला पटत नव्हतं. कुठंतरी, केसाएवढा का होईना, फरक पडायलाच हवा होता. सगळी आशा तिनं त्या मठ्ठ घड्याळावर ठेवली होती.

मी झोके मोजले. नाना घड्याळाकडे बघत होते. मोजून झालं तरी ते मान वर करेनात.

"किती?" आई म्हणाली.

नानांनी घड्याळ कानाशी धरून पाहिलं.

"तेवढेच?"

"तेवढेच."

"नीट बघितलंत?"

"बघितलं."

"पुन्हा मोजा."

पुन्हा मोजलं. तेवढेच भरले. वारा पडला होता, कपाशीचं एक पान हलत नव्हतं, आणि तो सागवानी पाळणा जात होता, येत होता, जसा आधी जात-येत होता तसाच. आईनं एकदा आत पाहिलं. मग ती गायला लागली. नीज माझ्या पाखरा, दिवस बुडाला. आवाज कोरडा होता, पण ताल सुटला नाही. तिनं ठरवलंच होतं. पहिल्यांदा म्हणून झालं, दुसऱ्यांदा म्हणून झालं. गोदामावशी पदर तोंडात कोंबून उभी होती. तिसऱ्यांदा ती शेवटच्या ओळीवर आली, "इवल्या" म्हणाली आणि थांबली. पुढचा शब्द तिनं म्हटला नाही.

"झालं," ती म्हणाली. "किती वेळ लागला?"

नानांच्या हातात घड्याळ होतं, पण ते घड्याळाकडे बघत नव्हते. ते पाळण्यात बघत होते. डोळ्यांतून पाणी गळून काचेवर पडलं होतं आणि काटा दिसेनासा झाला होता.

"मी मोजायला विसरलो," ते म्हणाले.

आईनं दोरी सोडून दिली. ते गाणं तिनं परत कधी म्हटलं नाही, आणि नानांनी परत कधी म्हण म्हटलं नाही. नागपूरला काही कळवलं गेलं नाही. प्लेग ओसरल्यावर आम्ही गावात आलो. ती उल्का किती उंचावर फुटली हे आमच्याकडून कुणालाच समजलं नाही. दुसरीकडून कुणी काढलं असेल तर मला माहीत नाही. आमच्याकडून एवढंच सिद्ध झालं की लंबकाला वजनाचा फरक पडत नाही. नानांनी पुढे नोकरी संपेपर्यंत तो धडा दुसऱ्या मास्तरांकडून शिकवून घेतला. हायस्कुलातली मुलं म्हणायची, शास्त्राच्या मास्तरांना लंबक येत नाही.

पोरीबाळींना मी रागे भरते ते काही कापसामुळे नव्हे. मला त्या मधल्या वेळाचा राग येतो. गोळा फुटून गेलेला, उजेड विझलेला, आणि सगळे उभे आहेत, आता काही व्हायचं नाही असं वाटून. आणि तो आवाज तर निघालेला असतो. रस्त्यावर असतो. त्या वेळात माझी आई गात होती आणि माझा भाऊ निजत होता. देवानं, म्हणजे असलाच तर, त्या वेळाचं काय करायचं ठरवलं होतं, एवढं मला कुणी सांगितलं तर मी शास्त्र शिकवायचं सोडून देईन.

परवा धडा आलाच. टाळून किती टाळणार? मी खिडकीच्या गजाला दोरा बांधला, त्याला खडा लावला, पोरींना झोके मोजायला सांगितले. मग मोठा दगड लावला. तेवढेच झोके. एक चुणचुणीत पोरगी आहे, तिला पटेना. "बाई, आणि दगडच काढून टाकला तर?" मी म्हटलं, नुसता दोरा नीट हलत नाही, काहीतरी थोडं लागतंच. पण जड गेलं, हलकं आलं, लंबकाला त्याचं काही नाही. "काहीच नाही, बाई?" "नाही गं," मी म्हटलं. "काहीच नाही." आणि मग मी बाकीच्यांवर विनाकारण ओरडले.

घरी आले तेव्हा आई अंगणात उन्हाला बसली होती. नाना जाऊन बरीच वर्षं झाली. ती माझ्याकडेच असते. तिला आता नीट दिसत नाही, पण माझ्या चपलांच्या आवाजावरून तिला सगळं कळतं. तिच्या मांडीवर वातींसाठी घेतलेला कापूस होता.

"झाला का तो धडा?" तिनं विचारलं.

"झाला."

"काय सांगितलंस पोरींना?"

"काय सांगणार? आहे तेच. फरक पडत नाही म्हणून सांगितलं."

तिनं बोटभर कापूस हातात घेतला, वळला नाही, नुसता धरून बसली.

"लहान आहेत गं त्या," ती म्हणाली. "एवढ्यात कशाला सांगतेस?"